मिस इंडिया नेमकी कोणती? ताजाचा इतिहास आणि नागपूरच्या मुलीची तयारी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी नागपूरची, वय १९, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात ‘मिस इंडिया’ची निवड चाचणी आहे अशी जाहिरात आली आणि नोंदणीचे पैसे आजच भरा म्हणून फोनवर फोन सुरू आहेत. आईला तीन गोष्टी हव्या आहेत: ही खरी मिस इंडिया का, या स्पर्धेचा इतिहास काय, आणि जायचंच ठरलं तर तयारी कशी करायची.

ताई, पैसे भरण्याआधी आयोजकाला एवढंच विचारा: जिंकणारी मुलगी पुढे कोणत्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत जाणार, आणि त्या स्पर्धेचा भारतापुरता परवाना यंदा कोणाकडे आहे? ‘मिस इंडिया’ हा सरकारी किताब नाही. कुठलंही मंत्रालय तो देत नाही. मागे-पुढे एखादा शब्द जोडून देशभर कितीतरी स्पर्धा भरतात, आणि त्यातल्या बहुतेकींचा ताज त्याच हॉटेलच्या दारापर्यंत चालतो. तशा स्पर्धेत हौसेनं जायला हरकत नाही, रंगमंचाचा सराव होतो. पण ती पायरी आहे असं समजून हजारो रुपये मोजू नका. परवाना तपासायचा तो मिस वर्ल्ड किंवा मिस युनिव्हर्सच्या स्वतःच्या संकेतस्थळावर. आयोजकानं फ्रेम करून दाखवलेल्या प्रमाणपत्रावर विसंबू नका.

मिस इंडियाचा इतिहाससुद्धा या परवान्याच्या मागेच फिरलेला आहे. परवाना ज्याच्या हाती गेला त्यानं नियम बदलले, आणि नियम बदलले की जिंकणाऱ्या मुलीही बदलल्या.

पहिली मिस इंडिया म्हणून १९४७ सालच्या प्रमिला यांचं नाव घेतलं जातं. मूळ नाव एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, कोलकात्याच्या बगदादी ज्यू घरातल्या, हिंदी चित्रपटांतल्या अभिनेत्री. तेव्हा त्या तिशीत होत्या, लग्न झालेलं, मुलंबाळं असलेल्या. १९५२ ची मिस इंडिया इंद्राणी रहमान. शास्त्रीय नर्तिका, वास्तुविशारद हबीब रहमान यांची पत्नी आणि एका मुलीची आई. कॅलिफोर्नियात लाँग बीचला झालेल्या पहिल्यावहिल्या मिस युनिव्हर्समध्ये भारतातर्फे त्याच उभ्या राहिल्या. म्हणजे ‘अविवाहितच हवी’ ही अट या स्पर्धेच्या जन्मापासूनची नाही, मागाहून आलेली आहे. आता मिस युनिव्हर्सनं २०२३ पासून विवाहित स्त्रियांना आणि आयांना दार उघडलं, २०२४ पासून वयाची वरची मर्यादाही काढली. ‘फेमिना’ या नियतकालिकाच्या मिस इंडिया स्पर्धेच्या अर्जात मात्र अविवाहित असण्याची अट अजून आहे, कारण तिथली विजेती मिस वर्ल्डला जाते आणि मिस वर्ल्डचा नियम तसा आहे.

पन्नाशीच्या दशकात कायमची अशी संस्था नव्हती. एखाद्या वर्षी स्पर्धा व्हायची, एखाद्या वर्षी नाही. १९५४ ला लीला नायडू जिंकल्या तेव्हाही चित्र हेच होतं. शिस्त आली ती नियतकालिकांमुळे. ‘ईव्हज वीकली’ची विजेती मिस वर्ल्डला जाऊ लागली, १९५९ ला फ्लर इझिकेल गेल्या. ‘फेमिना’ त्याच वर्षी निघालं आणि १९६४ पासून त्यांची स्वतःची स्पर्धा सुरू झाली. पहिल्या विजेत्या मेहेर कॅस्टेलिनो मिस युनिव्हर्सला गेल्या, पुढच्या वर्षी पर्सिस खंबाटा. एकाच वेळी दोन नियतकालिकं, दोन ‘मिस इंडिया’, दोन वेगळे रस्ते. त्या काळच्या याद्यांमध्ये एकाच वर्षी दोन नावं दिसतात ती यामुळे, चूक म्हणून कोणतंही नाव खोडू नका. प्रमिला यांची लेक नकी जहाँ १९६७ ला ‘ईव्हज वीकली’ची मिस इंडिया झाली. आई आणि मुलगी दोघी मिस इंडिया, असं हे एकच उदाहरण आहे.

रीटा फारिया ‘ईव्हज वीकली’च्या वाटेनंच गेल्या आणि १७ नोव्हेंबर १९६६ ला लंडनमध्ये मिस वर्ल्ड झाल्या, हा मान मिळवणाऱ्या पहिल्या आशियाई. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या त्या विद्यार्थिनी. वर्षभराचा करार संपल्यावर सिनेमाकडे न वळता त्या पुन्हा वैद्यकीय शिक्षणाकडे गेल्या. ‘शिक्षण बुडेल’ ही काळजी घरात असेल तर हे नाव मुलीला आणि तिच्या बाबांना, दोघांनाही सांगा. १९७० ला झीनत अमान मिस एशिया पॅसिफिक झाल्या. ऐंशीचं दशक इथे फार रेंगाळण्यासारखं नाही. संगीता बिजलानी, जुही चावला, मेहर जेसिया अशी नावं आली, चित्रपट आणि मॉडेलिंगला चेहरे मिळाले, पण जागतिक ताज आला नाही. मधल्या काळात ‘ईव्हज वीकली’ बंद पडलं आणि मिस वर्ल्डचा रस्ताही फेमिनाकडे आला.

आता आपल्याकडची गोष्ट. १९९२ ची फेमिना मिस इंडिया मधू सप्रे, जन्म नागपूरचा, मूळची खेळाडू. बँकॉकच्या मिस युनिव्हर्समध्ये ती ताजाच्या अगदी जवळ होती आणि तिसऱ्या स्थानावर थांबली. देशाची नेता झालीस तर काय करशील, या प्रश्नावर तिनं क्रीडा संकुल उभारीन असं सांगितलं. मनापासून दिलेलं उत्तर. पण प्रश्न अख्ख्या देशाचा होता आणि उत्तर एका इमारतीवर संपलं. क्रीडा संकुलातून पोरींचं आरोग्य, शिक्षण, आत्मविश्वास कसा बदलतो हे पुढचं एक वाक्य आलं असतं तर तेच उत्तर मोठं झालं असतं. उत्तराच्या सरावाला बसाल तेव्हा हे उदाहरण समोर ठेवा. विषय आपला असू द्या, फक्त तो प्रश्नाच्या मापाचा करायला शिका.

१९९४ ची अंतिम फेरी गोव्यात झाली. ऐश्वर्या राय तेव्हाच जाहिरातींतून घराघरांत पोचलेली होती. सुश्मिता सेन १८ वर्षांची, दिल्लीची. दोघींचे गुण सारखे, ९.३३. बरोबरी फोडायला एकेक जादा प्रश्न. ऐश्वर्याला परदेशी मालिकांमधल्या दोन पुरुष पात्रांपैकी नवऱ्यात कोणाचे गुण हवेत असं विचारलं गेलं (आजच्या परीक्षकानं असा प्रश्न काढला तर सभागृहच त्याला धारेवर धरेल). सुश्मिताला विचारलं भारताच्या वस्त्रपरंपरेबद्दल: ती किती जुनी आणि तू काय घालणं पसंत करशील. तिनं गांधीजींच्या खादीपासून सुरुवात केली. इतिहासाच्या पेपरात याला पूर्ण गुण मिळणार नाहीत, आपल्याकडे सुती कापड सिंधू संस्कृतीपासून आहे. पण रंगमंचावर ते चाललं आणि ताज तिला मिळाला, कारण पहिल्याच वाक्यात सगळ्यांच्या ओळखीचं काहीतरी आलं, आवाज हलला नाही आणि शेवट स्वतःच्या पसंतीवर झाला. परीक्षक ज्ञानकोश शोधत नसतात. अचानक आलेल्या प्रश्नावर मुलगी जागेवर उभी राहते का, हे ते बघतात.

त्याच रात्रीचा सुश्मिताचा गाऊन तिच्याच मुलाखतीतून प्रसिद्ध आहे. कापड दिल्लीच्या सरोजिनी नगर बाजारातलं, शिवला परकर शिवणाऱ्या शिंप्यानं, हातमोजे नव्या पायमोज्यांचे. २१ मे १९९४ ला मनिलात ती मिस युनिव्हर्स झाली, १९ नोव्हेंबरला दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत ऐश्वर्या मिस वर्ल्ड.

मग ओळच लागली. १९९७ ला डायना हेडन आणि १९९९ ला युक्ता मुखी मिस वर्ल्ड, आणि २००० साली एकाच तुकडीतून तिघी: लारा दत्ता मिस युनिव्हर्स, प्रियांका चोप्रा मिस वर्ल्ड, दिया मिर्झा मिस एशिया पॅसिफिक. हा चमत्कार नव्हता. १९९१ नंतर बाजार खुला झाला, सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांना इथे चेहरे हवे होते, उपग्रह वाहिन्या घरात आल्या. ‘हे सगळं बाजारानं घडवलं’ ही टीका तेव्हाही झाली आणि त्यात तथ्य आहे. पण टीका करणारे प्रशिक्षणाचा भाग विसरतात. ‘फेमिना’ काढणाऱ्या टाइम्स समूहातल्या प्रदीप गुहांच्या काळात निवडलेल्या मुलींना मुंबईत ठेवून सलग तालीम दिली जाऊ लागली: बोलणं आणि शिष्टाचाराला साबिरा मर्चंट, व्यायामाला मिकी मेहता, त्वचेला डॉ. जमुना पै, गाऊनला हेमंत त्रिवेदी. तोवर मुली आपापल्या बळावर जात होत्या, इथून पुढे तयार होऊन जाऊ लागल्या. २३ नोव्हेंबर १९९६ ला मिस वर्ल्ड बंगळूरला भरली तेव्हा विरोध एवढा पेटला की पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला न्यावी लागली. पुढे मिस वर्ल्डनं २०१५ पासून ती फेरी स्पर्धेतूनच काढली. मिस युनिव्हर्समध्ये ती अजून आहे, म्हणून कोणत्या वाटेनं जायचं हे ठरवताना घरात याचं बोलणं आधीच उरकून घ्या.

२०१० पासून फाटे फुटले. मिस युनिव्हर्सचा परवाना सुश्मिता सेनच्या ‘आय अ‍ॅम शी’कडे गेला, २०१३ ला फेमिनाच्या नव्या ‘मिस दिवा’ स्पर्धेकडे परत आला. पहिली मिस दिवा कोण, तर नागपूरची मानसी मोघे. मॉस्कोच्या मिस युनिव्हर्समध्ये ती पहिल्या दहात पोचली. म्हणजे ‘नागपूरच्या मुलींचं तिथे काय काम’ असं कोणी म्हटलं तर दोन नावं तोंडावर तयार ठेवा. मिस दिवातूनच २०२१ ला हरनाज संधू मिस युनिव्हर्स झाली. २०२४ पासून तो परवाना ग्लॅमानंद या संस्थेकडे आहे. फेमिना मिस इंडिया मिस वर्ल्डच्या वाटेवर कायम आहे, २०१७ ची मिस वर्ल्ड मानुषी छिल्लर तिथलीच, तीही वैद्यकीय विद्यार्थिनी. परवाने असे फिरतात, म्हणून दरवर्षी नव्यानं तपासायचं.

२०१७ पासून फेमिनानं राज्यवार पद्धत आणली. याचा नागपूरला फायदा आणि तोटा दोन्ही आहे. फायदा असा की दिल्ली-मुंबईच्या मुलींनीच अंतिम यादी भरत नाही. तोटा असा की महाराष्ट्राची जागा एक, आणि तिच्यासाठी मुंबई-पुण्याच्या मुली समोर. इथे एक गोष्ट नीट बघा: मुंबईत जन्मलेली सिनी शेट्टी २०२२ ला कर्नाटकातून उभी राहून जिंकली. नागपुरात मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणाशी मूळ नातं असलेली घरं भरपूर आहेत. त्या वर्षीच्या नियमांत मूळ राज्यातून अर्ज चालत असेल तर कागदपत्रं काढून ठेवा.

आता तयारी. फेमिनाची किमान उंची अलीकडे ५ फूट ३ इंच आहे, पूर्वी जास्त मागत. वय साधारण १८ ते २५. उंची अनवाणी, भिंतीला टाच लावून, अंबाडा न घालता मोजा. सकाळी मोजलेली उंची संध्याकाळी सेंटिमीटरभर कमी भरते, कारण दिवसभरात मणक्याच्या चकत्या दबतात. काठावरची उंची असेल तर संध्याकाळचं मापच खरं धरा. अर्जात अर्धा इंच वाढवला तर पहिल्याच चाचणीत पट्टीखाली उघडं पडतं, आणि तिथे वाद घालून उपयोग नसतो.

फोटो तीन पुरेत: मेकअप न करता जवळून चेहरा, समोरून पूर्ण उंची, एक बाजूनं. अंगाला नेटका बसणारा साधा पोशाख, मागे कोरी भिंत, सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. नागपूरच्या दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळी सावली पडते. रंग उजळणारं फिल्टर लावू नका. २०१९ ला फेमिना मिस इंडियाच्या अंतिम स्पर्धकांच्या फोटोंची जुळवणी टाइम्स ऑफ इंडियात छापून आली तेव्हा सगळ्या एकाच रंगाच्या दिसतात म्हणून टीकेची झोड उठली होती. सावळी मुलगी आणि तिच्या रंगापेक्षा दोन छटा उजळ फाउंडेशन हा नेहमीचा घोळ. मंचाच्या पांढऱ्या प्रकाशात चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळी. छटा जबड्याच्या कडेवर लावून, दुकानाबाहेर येऊन उजेडात बघायची.

चालणं. आधी अडीच इंची हील्सवर रोज वीस मिनिटं, घोटे बळकट झाले की चार इंची. घाई केली की गुडघे वाकतात आणि चाल उंटासारखी होते. घरची गुळगुळीत फरशी घसरते, म्हणून नव्या सोलवर खरकागद फिरवून घ्या. फरशीच्या सांध्याची रेघ धरून चाला, पावलं रेघेच्या दोन्ही बाजूंना चिकटून पडली पाहिजेत. एका पावलाची टाच आणि दुसऱ्याचा अंगठा यांत स्वतःच्या पावलाएवढं अंतर. टोकाला थांबायचं तर पूर्ण दोन-तीन सेकंद. नवख्या मुली एका सेकंदात वळतात, छायाचित्रकाराला फोटोच मिळत नाही.

गाऊनवर सगळ्यात जास्त पैसा जातो आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात. साध्या घेराचा गाऊन, मुलगी साडेपाच फुटांची, पन्हा ४४ इंच धरला तर कापड ५ ते ६ मीटर, अस्तर ४ ते ५ मीटर. मागे लांब सोगा हवा तर आणखी २ मीटर. कापड गांधीबाग-इतवारीत मीटरवर मिळतं, पण चमकदार सॅटिन टाळा. प्रकाशात त्याची प्रत्येक सुरकुती दिसते आणि घामाचा डाग लपत नाही. क्रेप जास्त सोसतं. शिंप्याकडे जाताना स्पर्धेचेच हील्स आणि आतले कपडे घालून मापं द्या. पुढची कड जमिनीपासून दीड-दोन सेंटिमीटर वर हवी. नंतर हील्स बदलून कमी उंचीचे घातले की तीच कड पायाखाली येते. मंचावर पडणाऱ्या मुलींचं कारण बहुतेक वेळा चाल नसतं, हे असतं. घेराच्या आतून कडक जाळीची तीन इंची पट्टी लावायला सांगा, कापड पायापासून लांब राहतं.

चेन बगलेत किंवा पाठीत असेल तर वर एक हूक हवाच. श्वास भरला की सगळा ताण चेनच्या वरच्या टोकावर येतो आणि ती तिथूनच उसवते. मणी-टिकल्यांचं काम करून घ्यायचं तर खांद्यावर किती वजन येतं ते आधी पाहा, कारण जड गाऊन दहा मिनिटांत खांदे खाली ओढतो. अंगाला चिकटवायची दुहेरी टेप नागपूरच्या उकाड्यात सुटते. आधी त्वचा स्पिरिटनं पुसायची, तेल-लोशन त्या दिवशी लावायचंच नाही, आणि टेपच्या भरवशावर न राहता दोन टाके घालायचे. आठ दिवस आधी पूर्ण पोशाखात वीस पावलं, पाच पायऱ्या आणि एकदा खुर्चीत बसणं, एवढं करून बघा.

उत्तराला वेळ साधारण तीस सेकंद, म्हणजे साठ-सत्तर शब्द. प्रश्न परत उच्चारण्यात आठ सेकंद घालवू नका. पहिल्या वाक्यात भूमिका, मग एक कारण, मग स्वतःच्या परिसरातलं एक उदाहरण, आणि थांबा. थांबता न येणं हीच मोठी अडचण असते. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं, नजर वर जाते आणि आवाज एकसुरी होतो. म्हणून उत्तरं पाठ करण्याऐवजी दहा विषयांची सामग्री जवळ ठेवा. वस्त्रपरंपरेचाच प्रश्न घ्या. विदर्भाच्या मुलीला खादीवर थांबायची गरज नाही. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या अळीच्या कोशातून काढलेला कोसा, विणकरांच्या हातमागावरची करवतकाठी साडी, तिच्या काठाचे करवतीसारखे दाते, आणि १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात सुरू केलेली एम्प्रेस मिल. एवढं ज्या मुलीला माहीत आहे तिला तीस सेकंद कमीच पडतील. तीच करवतकाठी राज्याच्या पोशाखाच्या फेरीत नेसता येते. सगळेच नऊवारी आणि नथ घेऊन येतात, कोसा क्वचितच कोणी आणतं.

समाजकार्याचं म्हणाल तर मिस वर्ल्डमध्ये १९७२ पासून त्याची वेगळी परीक्षा आहे. स्पर्धेच्या महिनाभर आधी अनाथाश्रमात फळं वाटतानाचे फोटो काढले तर परीक्षक दुसऱ्याच प्रश्नात पकडतात. मानुषीनं मासिक पाळीतल्या स्वच्छतेवर काम मांडलं, तिच्या शिक्षणाशी ते जुळत होतं. तुमची मुलगी इंजिनीअरिंगची आहे, तिनं त्यातलंच काही धरावं, वर्षभर करावं, नोंदी ठेवाव्यात.

कागदपत्रांत भारतीय पासपोर्ट लागतो. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासपोर्ट यांवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव मध्ये एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, हा महाराष्ट्रातला घराघरातला घोळ आहे, आणि तो निवड झाल्यावर निस्तरायला वेळ उरत नाही. निवड झाली की करार समोर येतो. किती महिने बांधिलकी, त्या काळात बाहेरचं काम घेता येतं का, मिळकतीतला वाटा किती, परीक्षांसाठी रजा मिळते का, आणि किताब परत घेण्याच्या अटी कोणत्या, ही पाच कलमं वकिलाकडून वाचून घ्या. ‘वाचायला दोन दिवस द्या’ म्हटल्यावर जो आयोजक चिडतो, त्याच्याकडे सही करू नका. आणि वर्धा रोडवरच्या त्या हॉटेलवाल्यांना आज फोन करा, परवान्याचा प्रश्न विचारा. ‘आमची वेगळी मिस इंडिया आहे’ असं उत्तर आलं, तर नोंदणीचे पैसे राहू द्या, त्यात हील्सचा चांगला जोड येईल.